पैसा जिथे उतरतो, तिथे कोण बसले आहे?

बँकांच्या नोकरभरतीच्या जाहिराती गेल्या काही वर्षांत बदलल्या आहेत. प्रोबेशनरी ऑफिसर आणि क्लार्क यांच्या जोडीला आता ‘फ्रॉड रिस्क अ‍ॅनालिस्ट’, ‘ट्रान्झॅक्शन मॉनिटरिंग ऑफिसर’, ‘फ्रॉड इन्व्हेस्टिगेटर’ अशी पदे दिसू लागली आहेत. पाळीत काम करण्याची तयारी हवी, एक्सेल आणि एसक्यूएल यायला हवे, ग्राहकाशी फोनवर बोलता यायला हवे, अशा अटी त्यात असतात. एखादी बँक या कामासाठी शंभर-दोनशे माणसे घेणार म्हटले की ठेवीदाराला बरे वाटते. बरे वाटायलाही हवे, कारण हे काम खरोखरच माणसांवाचून अडले आहे. पण किती माणसे घेतली एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ती कुठे बसणार, कोणत्या वेळी बसणार आणि संशय आला तर पैसा अडवण्याचा अधिकार त्यांना असणार का, हे विचारल्याशिवाय या भरतीचा अर्थ लागत नाही.

फसवणूक शोधणे हे बँकेत नवे काम नाही. संतानम समितीच्या शिफारशीवरून 1964 मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला आणि पुढे सरकारी बँकांत दक्षता विभाग रुजले. शाखेत अंतर्गत तपासणी होई, मोठ्या शाखांत कन्करंट ऑडिट असे, आणि मेकर-चेकर म्हणजे एकाने नोंद करायची व दुसऱ्याने ती मंजूर करायची, ही शिस्त तर प्रत्येक काउंटरवर होती. या व्यवस्थेचा बराचसा भर घटना घडून गेल्यानंतरच्या चौकशीवर होता. व्हाउचर जागेवर आहेत, सह्या तपासता येतात, माणूसही ओळखीचा आहे, अशा काळात ते चालून गेले. त्यातल्या काही जुन्या युक्त्या आजही तितक्याच उपयोगी आहेत. सक्तीची रजा हे त्याचे उत्तम उदाहरण. संवेदनशील पदावरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून किमान दहा कामाचे दिवस सलग आणि पूर्वसूचनेशिवाय रजेवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँक सांगते. तो नसताना दुसरा माणूस त्याच्या टेबलावर बसतो आणि दडपलेले काही असेल तर वर येते.

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेत नेमके हेच झाले नाही. एकच अधिकारी वर्षानुवर्षे त्याच जागेवर राहिला. हिरे व्यापाऱ्याच्या कंपन्यांसाठी हमीपत्रे स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशयंत्रणेने परदेशी शाखांना जात होती आणि बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत, म्हणजे सीबीएसमध्ये, त्यांची नोंदच होत नव्हती. दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. तो अधिकारी निवृत्त झाल्यानंतर, जानेवारी 2018 मध्ये त्या कंपन्या नव्या हमीपत्रांसाठी आल्या. टेबलावरच्या नव्या अधिकाऱ्याने पूर्ण रकमेचे मार्जिन मागितले. ‘आधी कधी द्यावे लागले नव्हते,’ हे उत्तर आले आणि गाठ सुटायला सुरुवात झाली. 14 फेब्रुवारी 2018 रोजी बँकेने शेअर बाजाराला कळवलेला आकडा 11,400 कोटींच्या आसपास होता. पुढे तो 13,000 कोटींच्या वर गेला. इतका मोठा गैरव्यवहार उघडकीला येण्याची सुरुवात एका नियमाप्रमाणे विचारलेल्या प्रश्नाने झाली. तिथे कुठले प्रगत सॉफ्टवेअर कामाला आले नव्हते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर जो हल्ला झाला, त्याने दुसरीच गोष्ट शिकवली. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घुसून हल्लेखोरांनी तिची नक्कल उभी केली होती. कार्डवरून पैशांची मागणी आली की ती बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचायचीच नाही. मधली बनावट यंत्रणाच ‘मंजूर’ म्हणून कळवायची. क्लोन केलेल्या कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे 12,000 वेळा पैसे काढले गेले. भारतातही कोल्हापूरसह काही शहरांत रुपे कार्डे वापरली गेली. नंतर स्विफ्टमार्गे आणखी 13.92 कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण रक्कम 94 कोटींच्या घरात. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली; त्यात एटीएमसमोर उभे राहून पैसे काढणारी माणसे होती, यंत्रणेत घुसणारे मेंदू हाती लागले नाहीत.

या प्रकरणातली तारीख मला फार महत्त्वाची वाटते. 11 ऑगस्ट 2018 हा महिन्याचा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेची सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर फेब्रुवारी 2016 मध्ये पडलेला दरोडाही असाच सुट्टी पाहून आखला होता. गुरुवारी रात्री ढाक्यातून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला खोटे आदेश गेले. शुक्रवार-शनिवार बांगलादेशात सुट्टी, रविवारी न्यूयॉर्क बंद, आणि सोमवारी पैसा जिथे उतरला त्या मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. 95 कोटी डॉलरच्या आसपास रक्कम पळवायचा डाव होता, 8.1 कोटी डॉलर मनिलातल्या एका शाखेतून निघून गेले. श्रीलंकेकडे वळवलेले दोन कोटी मात्र अडले, कारण लाभार्थी संस्थेच्या नावात ‘फाउंडेशन’ऐवजी ‘फॅन्डेशन’ लिहिले गेले होते आणि मधल्या बँकेत त्यावर विचारणा झाली.

चोर सुट्टीचे कॅलेंडर पाहून काम करत असेल, तर पहारा कार्यालयीन वेळेत ठेवून भागणार नाही. म्हणून या नव्या नोकऱ्यांचा पहिला निकष मला पाळ्यांचा वाटतो. दुसऱ्या शनिवारी रात्री अकरा वाजता त्या खोलीत कोण आहे आणि त्याला व्यवहार थांबवण्यासाठी कोणाची परवानगी लागते, हे बँकेने सांगितले पाहिजे. नव्वद माणसे दिवसा आणि चार रात्री, अशी रचना असेल तर आकडा मोठा दिसेल, उपयोग थोडा होईल.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. बँकेत ईएफआरएम नावाची प्रणाली असते. प्रत्येक व्यवहार होत असताना ती त्याला गुण देते. खातेदार सहसा किती रक्कम पाठवतो, कोणत्या वेळी, कोणत्या फोनवरून, ज्याला पाठवतो आहे तो लाभार्थी कधी जोडला, दहा मिनिटांत किती व्यवहार झाले, असे बरेच काही त्यात धरलेले असते. गुण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की अलर्ट पडतो. मग पडद्यासमोर बसलेला अ‍ॅनालिस्ट तो उघडतो, मागचे व्यवहार पाहतो, गरज वाटली तर खातेदाराला फोन करतो आणि अलर्ट बंद करतो किंवा वर पाठवतो.

यातले गणित एकदा मांडून बघण्यासारखे आहे. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा, एका बँकेत दिवसाला एक कोटी व्यवहार होतात आणि लाखात एक फसवणुकीचा असतो. म्हणजे दिवसाला 100 खोटे व्यवहार. प्रणाली चांगली आहे, त्यातले 90 पकडते, आणि खऱ्या व्यवहारांपैकी हजारात फक्त एकावर चुकून बोट ठेवते. ऐकायला हे उत्तमच आहे. पण एक कोटीचा हजारावा भाग म्हणजे 10,000. दिवसअखेर पडद्यावर 10,090 अलर्ट, आणि त्यांत खरे 90. एका अलर्टला पाच मिनिटे धरली आणि पाळीत प्रत्यक्ष कामाचे सात तास धरले, तर एक माणूस 84 अलर्ट पाहील. सगळे पाहायचे तर रोज 120 माणसे हवीत. साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा धरून दीडशेच्या पुढे. आणि त्या माणसाला एका खऱ्या प्रकरणासाठी शंभराहून अधिक निरपराध व्यवहार उघडून बंद करावे लागतील. तिसऱ्या तासाला त्याची नजर बोथट होते. एका मिनिटात अलर्ट बंद करण्याची सवय लागते, आणि वरिष्ठ तर किती बंद केले यावरच त्याचे काम मोजत असतात.

म्हणून प्रणाली सुधारणे आणि माणसे वाढवणे यांत निवड करण्याचा प्रश्न नाही. चुकीचे अलर्ट हजारात एकावरून पाच हजारांत एकावर आणले, तर त्याच गणितात रोजचे अलर्ट 2,090 होतात आणि पंचवीस माणसांत काम उरकते. इथे व्यवस्थापनाला मोह होतो की उरलेली माणसे कमी करावीत. माझे मत उलट आहे. वाचलेला वेळ बोलण्याला द्यावा. आजची बरीचशी मोठी फसवणूक फोनवरच्या दहा मिनिटांच्या शांत बोलण्यानेच थांबू शकते, आणि त्या बोलण्यालाच आज वेळ नसतो.

हे पटण्यासाठी दोन सरकारी आकडे शेजारी ठेवावे लागतील. रिझर्व्ह बँकेच्या 2024-25 च्या वार्षिक अहवालात बँकांनी कळवलेली फसवणुकीची प्रकरणे 23,953 आहेत आणि रक्कम 36,014 कोटी. यात एक लाख रुपये आणि त्यावरचीच प्रकरणे येतात. आधीच्या वर्षी प्रकरणे 36,060 आणि रक्कम 12,230 कोटी होती. रक्कम तिपटीने वाढली त्याचे मोठे कारण तांत्रिक आहे. कर्जदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याचे खाते ‘फसवणूक’ ठरवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2023 रोजी सांगितले. त्यानंतर 122 जुनी प्रकरणे, 18,674 कोटींची, तपासून नव्याने नोंदवली गेली. या एकूण रकमेत कर्जव्यवहारांतली फसवणूक 33,148 कोटी आहे. कार्ड आणि इंटरनेट व्यवहारांतली मात्र अवघी 520 कोटी.

दुसरा आकडा गृहमंत्रालयाने संसदेत दिलेला. 2024 या एका वर्षात नागरिकांनी सायबर फसवणुकीत 22,845 कोटी रुपये गमावले. 2023 मध्ये हा आकडा 7,465 कोटी होता.

एकीकडे 520 कोटी, दुसरीकडे 22,845 कोटी. कालावधी आणि मोजण्याची पद्धत वेगळी आहे हे मान्य केले तरी एवढी तफावत कुठून येते? नागरिकाचा बहुतेक पैसा आज चोरीला जात नाही, तो नागरिकाकडूनच पाठवून घेतला जातो. शेअर बाजारातल्या खोट्या गुंतवणुकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असो की व्हिडिओ कॉलवरचा खोटा पोलीस अधिकारी असो, ओटीपी खातेदार स्वतः टाकतो, आरटीजीएसचा फॉर्म स्वतः भरतो. बँकेच्या लेखी तो व्यवहार खातेदाराने केलेला, म्हणजे वैध. रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक ग्राहकाला चांगले संरक्षण देते. तिसऱ्याच कोणाच्या घुसखोरीने पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. पण ते संरक्षण ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे. घाबरवून, फसवून संमती काढून घेतली तर तो नुकसान एकटाच सोसतो.

या भरतीचे मूळ मला इथे दिसते. जे नुकसान बँकेच्या ताळेबंदात येते, त्यासाठी बँक माणूस नेमते. जे नुकसान खातेदाराच्या घरात जाते, त्यासाठी ती जाहिरात करते, ‘सावध राहा’ असा एसएमएस पाठवते. यात कोणा एका बँकेचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. खर्चाचा हिशेब तसा मांडलेला आहे.

ब्रिटनने हा हिशेबच बदलला. 7 ऑक्टोबर 2024 पासून तिथे फसवून पाठवून घेतलेल्या पैशाची भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. मर्यादा 85,000 पौंड, आणि भार निम्मा पाठवणाऱ्या बँकेवर, निम्मा स्वीकारणाऱ्या बँकेवर. दुसरा निम्मा भाग फार मोलाचा आहे. ज्या बँकेत चोराचे खाते उघडले गेले, तिलाही त्या खात्याची किंमत मोजावी लागली. सिंगापूरने वेगळी वाट घेतली. तिथल्या पोलिसांच्या अँटी-स्कॅम सेंटरमध्ये बँकांचे कर्मचारी पोलिसांच्या शेजारी बसतात. 2025 च्या कायद्याने पोलिसांना असाही अधिकार दिला की फसलेला माणूस पैसे पाठवण्याचा हट्टच धरून बसला, तर त्याच्या खात्यावर तात्पुरती बंदी आणता येते. वयात आलेल्या माणसाच्या पैशावर सरकारने असा हात ठेवावा का, हा गंभीर प्रश्न आहे. पण खोट्या पोलिसाच्या धाकाखाली तीन दिवस कॅमेऱ्यासमोर बसलेला वृद्ध मोकळ्या मनाने निर्णय घेत नसतो, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे सिंगापूरच्या धर्तीचा प्रयत्न सुरू झाला आहे. आज 1930 या क्रमांकावर चालणारी हेल्पलाइन आणि तिच्यामागची यंत्रणा 2021 मध्ये आली. तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसा गेला तिला संदेश जातो, ती रकमेवर लिएन मार्क करते, म्हणजे तेवढी रक्कम अडवून ठेवते. पैसा पुढे गेला असेल तर पुढच्या बँकेला कळवते. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रात बँका, पेमेंट कंपन्या, दूरसंचार कंपन्या आणि पोलीस यांचे प्रतिनिधी एकत्र बसतील असे केंद्र सुरू झाले. या यंत्रणेने जुलै 2025 पर्यंत एकूण 5,489 कोटी रुपये वाचवल्याचे सरकारने सांगितले. वाचलेला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी औषधपाण्याचा, शिक्षणाचा आहे, त्यामुळे ही रक्कम कमी लेखू नये. तरी एकट्या 2024 मध्ये गेलेल्या रकमेशी ती ताडून पाहिली की उणीव कुठे आहे ते दिसते. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा खात्यांत काही मिनिटांत पांगतो. यूपीआयवर ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2,000 कोटींहून अधिक व्यवहार झाले. या वेगात तक्रारीची वाट पाहणारी व्यवस्था नेहमी एक पाऊल मागेच राहणार.

म्हणून लक्ष पैसा उतरतो त्या खात्याकडे वळवले पाहिजे. पोलीस आणि बँकवाले त्याला म्यूल अकाउंट म्हणतात. भाड्याचे खाते म्हटले तरी चालेल. कोणी कॉलेजचा विद्यार्थी, कोणी मजूर, काही हजार रुपयांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड असा सगळा संच दुसऱ्याच्या हाती देतो. सायबर टोळी कितीही हुशार असो, भारतातला पैसा भारतातल्या खात्यातच उतरवावा लागतो, आणि ते खाते कुठल्यातरी शाखेने केवायसी करून उघडलेले असते. जून 2025 मध्ये सीबीआयने छापे घातले तेव्हा सांगितले की देशभरातल्या 700 हून अधिक शाखांत अशी सुमारे साडेआठ लाख खाती आढळली. सरासरी काढली तर एका शाखेत बाराशे. एवढी खाती नजरेतून कशी निसटली याचे उत्तर त्या शाखांच्या कामाच्या पद्धतीत शोधावे लागेल. खाते उघडण्याचे टार्गेट असते, दिवसाला किती उघडली याचा तक्ता वर जातो. उघडलेले खाते पुढे काय करते याचा तक्ता कोणाला पाठवायचा नसतो.

असे खाते ओळखण्याच्या खुणा बँकेत काम करणाऱ्यांना ठाऊक आहेत. महिनोन्‌महिने निपचित पडलेल्या खात्यात अचानक लाखाची रक्कम येते. त्याआधी कोणीतरी एक रुपया पाठवून खाते चालू आहे ना हे पाहिलेले असते. आलेली रक्कम काही मिनिटांत तुकडे होऊन निघते आणि रात्री शिल्लक शेकड्यांत उरते. खाते साताऱ्याचे, लॉगिन दुसऱ्याच राज्यातून. एकाच पत्त्यावर, एकाच मोबाइलवर आठ-दहा जणांची खाती. रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबने बँकांशी बोलून अशा व्यवहारांचे 19 प्रकार अभ्यासले आणि त्यावर ‘म्यूलहंटर.एआय’ ही प्रणाली बांधली. डिसेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने ती जाहीर केली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण म्यूलहंटर संशयित खात्यांची यादी देईल. त्या खातेदाराला बोलावणे, शाखेत जाऊन कागद तपासणे, हा गरजू विद्यार्थी फसला आहे की टोळीचाच माणूस आहे हे ठरवणे, ही कामे त्यानंतर सुरू होतात. मला विचाराल तर नव्या भरतीतली निम्मी माणसे इथे असावीत.

इथे एक कठीण बाजूही आहे आणि ती टाळून चालणार नाही. पैसा पांगत जातो तेव्हा त्यातले काही हजार एखाद्या भाजीवाल्याच्या, मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या खात्यात मालाची किंमत म्हणून पोचतात. मग दूरच्या राज्यातल्या पोलीस ठाण्याचा ईमेल येतो आणि बँक त्याचे सगळे खाते गोठवते. त्याचा चेक परत जातो, कर्जाचा हप्ता चुकतो, शाखेत गेला तर ‘पोलिसांशी बोला’ म्हणतात आणि पोलीस हजार मैलांवर. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशा याचिकांवर सांगितले की पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतेच खाते अडवावे. माणसाने प्रकरण वाचून निर्णय घेतला तर वादातल्या चार हजारांवर लिएन लागेल. यंत्राने किंवा घाबरलेल्या कारकुनाने घेतला तर पूर्ण खात्यावर डेबिट फ्रीझ. नेमलेल्या तपासनिसाकडे अडवण्याइतकाच सोडण्याचाही अधिकार हवा, आणि सोडल्याबद्दल उद्या त्याच्यावर चार्जशीट येणार नाही याची खात्रीही हवी. सरकारी बँकेत ही भीती फार खोल आहे.

बोलण्याचा उल्लेख वर केला, तो पुन्हा इथे येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये हैदराबादेत स्टेट बँकेच्या शाखेत एक ज्येष्ठ खातेदार मुदतठेव मोडायला आले. कारण विचारले तर मालमत्ता घ्यायची आहे म्हणाले. कर्मचाऱ्यांना ते नेहमीसारखे वाटले नाहीत. त्यांनी घाई केली नाही, विचारपूस चालू ठेवली आणि घरच्यांशी बोलून घ्या म्हणून सुचवले. ते पुन्हा आले तेव्हाही शाखेने आपला संशय सोडला नाही, हेल्पलाइनशी संपर्क साधून दिला आणि 13 लाख रुपये वाचले. त्यांना ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये, म्हणजे खोट्या पोलिसाच्या धाकाखाली, धरून ठेवले होते आणि बँकेत काय सांगायचे तेही पढवून पाठवले होते. ब्रिटनमध्ये यासाठी ‘बँकिंग प्रोटोकॉल’ नावाची रीतच आहे: काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला संशय आला तर त्याने थेट पोलिसांना कळवायचे आणि पोलीस शाखेत येतात. 2016 मध्ये लंडनमध्ये ती सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. आपल्याकडे हैदराबादसारख्या घटना कर्मचाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहतात. ज्या शाखेत दोन काउंटर आणि चाळीस माणसांची रांग आहे, तिथे कोणी कोणाचा चेहरा वाचायचा? शाखेतला माणूस कमी करून मुख्यालयात फ्रॉड सेल वाढवला, तर एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल.

माणसे टिकण्याचा प्रश्नही याला जोडून आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर 2024 च्या अहवालानुसार निवडक खासगी बँका आणि लघु वित्त बँकांत नोकरी सोडण्याचे प्रमाण 25 टक्क्यांच्या आसपास होते. फसवणूक ओळखण्याची नजर कोर्सने थोडी येते, बाकी शेकडो प्रकरणे हाताखालून गेल्यावर येते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचा सायबर गुन्हे प्रतिबंध आणि फसवणूक व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, तो चांगला पाया घालतो. पण दीड-दोन वर्षांत माणूस निघून गेला की त्याच्याबरोबर ती नजरही जाते. पुण्यात बार्कलेज, एचएसबीसी, ड्यॉइश बँक यांची मोठी सेवाकेंद्रे आहेत आणि इथल्या वाणिज्य शाखेच्या कितीतरी मुलामुलींनी आर्थिक गुन्हे रोखण्याच्या कामाची ओळख अशा केंद्रांतच करून घेतली आहे. परदेशी बँकांच्या शिस्तीत तयार झालेले हे मनुष्यबळ हाताशी असताना देशी बँकांनी त्यांना कंत्राटावर, अपुऱ्या पगारावर, ‘अलर्ट बंद करणारे’ म्हणून घ्यावे हे वाईट आहे. या कामाला बढतीची शिडी हवी. ज्याने पाच वर्षे भाड्याची खाती शोधली, तो पुढे शाखाधिकारी झाला तर त्याच्या शाखेत बाराशे भाड्याची खाती उघडणे सोपे राहणार नाही.

कर्जातल्या फसवणुकीबद्दल थोडक्यात, कारण रक्कम तिथेच सर्वांत मोठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या 15 जुलै 2024 च्या निर्देशांनी बँकांना पूर्वसूचनेची चौकट, डेटा अ‍ॅनालिटिक्स आणि मार्केट इंटेलिजन्स यांचा स्वतंत्र कक्ष आणि संचालक मंडळाची देखरेख समिती बंधनकारक केली. खाते फसवणूक ठरवण्यापूर्वी कर्जदाराला किमान 21 दिवसांची नोटीस द्यायची आहे. खासगी बँकांत आरसीयू, म्हणजे कर्जाचे कागद नमुन्याने तपासणारा गट, बऱ्याच वर्षांपासून आहे. पण मोठ्या कर्जात धोका कागद वाचता न आल्यामुळे कमी आणि वाचलेले वर सांगता न आल्यामुळे जास्त असतो. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एका बांधकाम समूहाची 44 कर्जखाती लपवण्यासाठी 21,049 खोटी खाती दाखवली गेली होती. एवढी खोटी खाती दाखवणे खालच्या माणसाच्या एकट्याच्या हातून होत नाही. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत 122 कोटींची रोकड तिजोरीत असल्याचे कागदावर होते. फेब्रुवारी 2025 मध्ये ती नाही हे कळले आणि अटक झाली ती महाव्यवस्थापकपदावर राहिलेल्या माणसाला. अशा वेळी तपासनीस व्यवस्थापनाच्या हाताखाली असून चालत नाही. त्याला संचालक मंडळाच्या समितीपर्यंत थेट वाट असावी लागते.

सहकारी बँकांचा विषय महाराष्ट्रात सर्वांत निकडीचा आहे. देशात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा. चार शाखांची बँक रात्रपाळीत दोन अ‍ॅनालिस्ट, एक डेटा जाणणारा आणि एक तपासनीस ठेवू शकत नाही. तिचा वर्षाचा नफाच त्यात संपेल. तिच्या खातेदाराचा यूपीआय मात्र स्टेट बँकेच्या खातेदाराइतक्याच वेगाने चालतो आणि तिच्याकडे उघडलेले भाड्याचे खाते टोळीला तितकेच उपयोगी पडते. नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था म्हणून राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळ मार्च 2024 मध्ये सुरू झाले. तंत्रज्ञानाच्या सामाईक सेवा देणे हे त्याच्या कामातच आहे. या महामंडळाने पुण्यात किंवा मुंबईत एक सामाईक पहारा-कक्ष उभा करावा, तो चोवीस तास आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारीही चालावा, सभासद बँकांनी व्यवहारांच्या प्रमाणात त्याचा खर्च वाटून घ्यावा आणि तिथल्या पाळीप्रमुखाला कोणत्याही सभासद बँकेतला संशयित व्यवहार काही तास रोखण्याचे लेखी अधिकार संचालक मंडळांनी आधीच ठराव करून द्यावेत. कॉसमॉसच्या हल्ल्याचा अनुभव असलेले बँकर पुण्यात आहेत, वाणिज्य आणि संगणक शिकलेली मुले आहेत. या कक्षाची पहिली भरती जिल्हा ठिकाणच्या सहकारी बँकांत काउंटरवर दहा-पंधरा वर्षे बसलेल्या, खातेदार चेहऱ्याने ओळखणाऱ्या कर्मचाऱ्यांतून करावी आणि एसक्यूएल त्यांना इथे शिकवावे.